लोकल, मेट्रो आणि दिल्लीतली फाईल: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवली ते सीएसएमटी, रोज, बावीस वर्षं. त्यात रेल्वेबद्दल जे हाताला लागेल ते वाचायची खोड, त्यामुळे ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगला, कुठंही गेलो की कुणीतरी विचारतंच, "काय हो, ती मेट्रो कधी होणार?" जसं काही चावी माझ्याच खिशात आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी रेल्वेत नोकरीला नाही, साधा पासवाला आहे, तेवढं धरून वाचा.

लोकल नेमकी कुणाची? पालिकेची, राज्याची की केंद्राची?

केंद्राची, पूर्णच्या पूर्ण. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे हा विषय केंद्राच्या यादीत आहे, त्यामुळे मुख्यमंत्र्यांनासुद्धा "ही गाडी पाच मिनिटं आधी सोडा" असा आदेश देता येत नाही, विनंती करता येते. दिल्लीत रेल्वे बोर्ड, त्याच्या हाताखाली मध्य आणि पश्चिम असे दोन झोन, दोघांची मुख्यालयं मुंबईतच, एक सीएसएमटीला आणि एक चर्चगेटला. आता गंमत बघा, गाडी केंद्राची पण स्टेशनात पाकीट मारलं तर तक्रार घेणार जीआरपी, म्हणजे राज्याचे पोलीस, आणि शेजारी उभा आरपीएफवाला परत केंद्राचा. जिना उतरून बाहेर पाऊल टाकलं की रस्ता पालिकेचा, आणि मधल्या दहा फुटात जो चिखल असतो तो कुणाचाच नसतो.

दादरला तर एकाच स्टेशनात दोन झोन. कित्येक वर्षं तिथं एक नंबरचे दोन प्लॅटफॉर्म होते, एक पश्चिमवाल्यांचा आणि एक मध्यवाल्यांचा, आणि गावाहून आलेला माणूस "एक नंबरला उभा राहा" असं फोनवर ऐकून हमखास चुकीच्या एक नंबरला उभा राहायचा. डिसेंबर २०२३ मध्ये सलग १ ते १४ नंबर लावले, तेव्हा ते मिटलं. नुसते आकडे ओळीत लावायला इतका काळ गेला, तर बाकीचं समजून घ्या.

म्हणजे मुंबईला काही आवाजच नाही?

आहे, थोडा. १९९९ मध्ये मुंबई रेल विकास कॉर्पोरेशन निघालं, एमआरव्हीसी म्हणतात ते. त्यात रेल्वे मंत्रालयाचा हिस्सा ५१ टक्के, महाराष्ट्र सरकारचा ४९. एमयूटीपी, एमयूटीपी असं जे पेपरात येतं, म्हणजे मुंबईच्या लोकल सुधारायचा प्रकल्प, ते काम यांचं, नव्या गाड्या, जादा लाईनी वगैरे. पण एमआरव्हीसी बांधून देतं, गाडी चालवणार झोनच. आणि पैसे निम्मे-निम्मे म्हटल्यावर एकाचा हप्ता आला की दुसऱ्याचा अडकतो, रुळालगतची वस्ती हलवायची तर ते राज्याचं काम, रूळ टाकायचं रेल्वेचं, दोघं एकमेकांच्या पत्राची वाट बघतात.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन घ्या. २००८ मध्ये मंजूर, सुरू झाली फेब्रुवारी २०२२ ला. मंजूर झाली तेव्हा आमचा मुलगा बालवाडीत होता, सुरू झाली तेव्हा तो स्वतःचा पास काढून कॉलेजला जात होता. अंतर किती, तर ठाण्यापासून दिव्यापर्यंत, मध्ये कळवा आणि मुंब्रा, बस.

तिकीट इतकं स्वस्त कसं? आणि तरी लोकल तोट्यात, असं का म्हणतात?

सीएसएमटी ते कल्याण ५४ किलोमीटर, सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो साडेअकरा किलोमीटरसुद्धा नाही, टोकापासून टोकापर्यंत ४० रुपये. आणि सेकंडचा महिन्याचा पास म्हणजे साधारण पंधरा एकेरी तिकिटांचे पैसे, त्यात महिनाभर कितीही फेऱ्या मारा. मध्यंतरी तिकिटांवरच छापून यायचं की प्रवासाच्या सरासरी खर्चाच्या फक्त ५७ टक्के वसूल होतात. एका पायावर उभं राहून ते वाचताना आपण रेल्वेवर फार मोठं ओझं आहोत असं वाटावं, अशीच सोय होती ती.

भाडं वाढवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. जून २०१४, नवं सरकार नुकतंच आलेलं, आणि पासाचा हिशोब १५ ऐवजी ३० तिकिटांचा करायचा असं जाहीर झालं. म्हणजे एका दिवसात पास दुप्पट. डब्यात त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता, आमच्या ग्रुपमधले एक काका तर सहा महिन्यांचा पास आधीच काढून मोकळे झाले. महाराष्ट्रातले खासदार रेल्वेमंत्र्यांकडे गेले, विधानसभा समोर होती, चार दिवसात निर्णय मागे. तेव्हापासून या फंदात सहसा कुणी पडत नाही. १ जुलै २०२५ ला लांब पल्ल्याची भाडी वाढली, तेव्हा पण लोकल आणि पास वगळले.

माझं मत विचाराल तर स्वस्त पास ही चूक नाहीये. बदलापूर, वांगणी, नालासोपारा, टिटवाळा इथं राहून माणूस फोर्टात किंवा अंधेरीत नोकरी करू शकतो तो या पासाच्या जोरावर. पास तिप्पट केला तर शिपायाचा, सिक्युरिटीवाल्याचा, दुकानातल्या पोराचा पगार वाढवायला लागेल, म्हणजे ही सबसिडी दिसते प्रवाशाची पण खाते ती अख्खी मुंबईची बाजारपेठ. मग त्या बाजारपेठेकडून काहीतरी घ्या की. फक्त खिडकीवर उभ्या राहिलेल्याकडेच का बघायचं?

पण एक घोळ आहे आणि तो मान्य करायला पाहिजे. देशभरात रेल्वेने जाणाऱ्या माणसांची डोकी मोजली तर निम्म्याच्या आसपास उपनगरी गाड्यांतली, मुंबई, कोलकाता, चेन्नई मिळून. कमाई मोजली तर चिमूटभर. रेल्वेचं पोट भरतं मालगाड्यांवर, कोळशावर. म्हणून रेल्वे बोर्डाच्या टेबलावर लोकल ही कमावता मुलगा नसते, घरातली आजारी आत्या असते, औषध देतात पण घाईने कुणी उठत नाही. भाडं गोठवून आपण जिंकलो असं आपल्याला वाटतं आणि त्याच गोठलेल्या भाड्याने आपलं वजनही कमी झालेलं असतं.

रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प बंद झाला त्याचा काही फरक पडला का?

२०१७ पासून तो मुख्य बजेटात गेला. आधी रेल्वेमंत्र्यांचं भाषण असायचं, मुंबईला किती फेऱ्या मिळाल्या हे त्याच संध्याकाळी कळायचं. आता चार-पाच दिवसांनी आकडे चाळून शोधायला लागतं. फरक पडला तो एवढाच, निदान आमच्यासारख्यांना.

दर दोन मिनिटांनी गाडी सोडा, प्रश्न मिटला. एवढं का जमत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. आधी आत्ता काय चाललंय ते बघू. गर्दीच्या वेळेला एका लाईनवर साधारण तीन मिनिटांनी गाडी, म्हणजे तासाला वीस. बारा डब्यांच्या गाडीत बसायला अकराशे-बाराशे जागा, पण पीक अवरला आत चार-साडेचार हजार माणूस असतो, कधी त्याहून जास्त. रेल्वेच्या भाषेत त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. घरी फरशीवर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन खडूने आखून बघा एकदा, सोळा चपलाच नीट मावत नाहीत. तर वीस गाड्या गुणिले साडेचार हजार, एका रुळावरून तासाला नव्वद हजार माणूस. तेवढीच माणसं कारने न्यायची आणि कारमागे दीड माणूस धरला तर साठ हजार कार. तासाला. एका दिशेने.

आता अडतं कुठं. एक, सिग्नल. दोन गाड्यांमध्ये सुरक्षित अंतर ठेवायलाच लागतं, ते कमी करायचं तर सीबीटीसी नावाची सिग्नल यंत्रणा पाहिजे, ती एमयूटीपी ३ए मध्ये आहे, २०१९ ला मंजूर झालेल्या ३३,६९० कोटींच्या यादीत. दोन, मेल-एक्स्प्रेस. ठाण्याच्या पुढे त्यांना वेगळी लाईन मिळाली, कुर्ल्यापर्यंत पण आहे, पण कुर्ल्याच्या पलीकडे सीएसएमटीपर्यंत परत सगळे एकाच रुळावर, आणि लांबून आलेली गाडी लेट झाली की ती आपल्या फास्ट लोकलच्या पुढे घुसणार. तीन, फाटक. दिव्याचं फाटक उघडलं आणि कुणाचा टेम्पो मध्येच बंद पडला की मागे कल्याणपर्यंत गाड्या रांगेत. आधुनिक महानगराची मुख्य धमनी एका टेम्पोच्या बॅटरीवर अवलंबून. चार, टोकाची स्टेशनं. गाडी येते, रिकामी होते, मोटरमन या टोकाकडून त्या टोकाला जातो, तेवढा वेळ प्लॅटफॉर्म अडकलेला, आणि सीएसएमटीला नवे प्लॅटफॉर्म काढायला जागा आणायची कुठून.

यात सगळ्यात लवकर होण्यासारखं म्हणजे पंधरा डब्यांच्या गाड्या. बारावरून पंधरा म्हणजे एकदम पाव पट जास्त माणूस, नवा रूळ न टाकता. पण त्यासाठी प्लॅटफॉर्म लांब करायला लागतात, सिग्नल सरकवायला लागतात, आणि या कामाची फीत कापताना फोटो फारसा चांगला येत नाही.

रविवारी मेगाब्लॉक कशाला ठेवतात?

पहाटे चारपासून रात्री एकपर्यंत गाड्या धावतात. उरलेल्या तीन तासात रूळ, वायर, पॉईंट काय काय बघणार? म्हणून रविवार. लग्नाचा मुहूर्त रविवारचा काढणाऱ्यांनी आधी ब्लॉक बघावा.

एसी लोकल चांगली की वाईट?

गाडी चांगली, आणली त्या पद्धतीत गडबड. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर बोरिवलीहून सुटली. तिकीट इतकं महाग की पहिली काही वर्षं लोक नुसते बघायचे. मे २०२२ मध्ये सुट्या तिकिटाचे दर निम्म्यावर आणले, मग गर्दी आली. पण रुळावर जागा तेवढीच, म्हणजे एसी गाडी वाढवायची तर साधी काढायची. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा-बदलापूरला लोक यावरूनच स्टेशनात उतरले आणि मध्य रेल्वेने नव्याने घातलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. त्या लोकांना एसी नको होता असं नाही हो, त्यांची रोजची ठरलेली साधी गाडी काढून तिच्या जागी कितीतरी जास्त पैशांची गाडी लावली, राग त्याचा होता.

आता एसीत पण गर्दी कशी असते ते सांगतो. परवाच डोंबिवलीला दरवाजा बंद होईना. बीप बीप बीप, अर्धा मिटतो, परत उघडतो. दारातल्या एका पोराची सॅक बाहेर राहिलेली, पोरगा आत, सॅकचा फुगा बाहेर. आतून चार हात त्याच्या खांद्याला, बाहेरून प्लॅटफॉर्मवरचा एक जण सॅक गुडघ्याने आत दाबतोय, मागून कुणीतरी ओरडतंय "अरे पोट आत घे," आणि अख्खी बारा डब्यांची गाडी एका सॅकसाठी मिनिटभर उभी. साध्या लोकलमध्ये ती सॅक बाहेर लटकत ठाण्यापर्यंत गेली असती. म्हणजे दरवाजा लावला की जीव वाचतो पण गाडी प्रत्येक स्टेशनला थोडी थोडी लेट होते, आणि तीन मिनिटांच्या हिशोबात ते थोडं थोडं फार महाग पडतं. यावर उपाय जादा गाड्या, दुसरा नाही.

मुंब्र्याच्या अपघातानंतर काय झालं?

९ जून २०२५ ची सकाळ. मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, जीव गेले. मी त्या दिवशी मागच्या गाडीत होतो, दिव्याच्या अलीकडे गाडी थांबली, कुणाला काही कळेना, मग एकेकाचे फोन वाजायला लागले. घरून. प्रत्येकाला एकच विचारत होते, कुठल्या गाडीत आहेस.

त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की बिगर-एसी लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे देणार, हवेसाठी दारांना जाळी, छतावर ब्लोअर, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी रचना. ही कल्पना मला पटते. पण मुंबईच्या रेल्वेमार्गांवर रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं जातात, कित्येक वर्षं जातायत, आणि धोरण हलतं ते एका सकाळी एकदम पेपरच्या पहिल्या पानावर आलं की. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, मग लष्कराला बोलावून काही महिन्यात पूल उभा केला. पूल उभा करता येत होता, हे तेव्हा कळलं.

मेट्रो पण रेल्वेचीच ना?

नाही. मेट्रो केंद्राच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाकडे, म्हणजे रेल्वेमंत्र्यांचा तिच्याशी संबंध नाही. अपवाद कोलकाता, तिथली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ ला सुरू झाली, देशातली पहिली, आणि ती रेल्वेच चालवते. बाकी बऱ्याच ठिकाणी दिल्लीचा नमुना, म्हणजे केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी कंपनी. दिल्लीची ती कंपनी, डीएमआरसी, १९९५ ला स्थापन झाली आणि डिसेंबर २००२ मध्ये गाडी धावली, तिचे प्रमुख श्रीधरन साहेबांनी त्याआधी कोकण रेल्वे करून दाखवली होतीच. आणि सगळ्यात भारी गोष्ट, मेट्रो काय किंवा रेल्वे काय, नवी लाईन सुरू करायला सुरक्षेचं सर्टिफिकेट देणारे आयुक्त येतात विमान वाहतूक मंत्रालयाकडून. हे मी सांगितलं की लोकांना मी चेष्टा करतोय असं वाटतं.

केंद्राचं मेट्रो धोरण म्हणजे काय असतं?

ऑगस्ट २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने पास केलं ते. सोप्या भाषेत, राज्याला केंद्राचे पैसे पाहिजेत तर काही अटी. आधी बस, बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका), ट्राम असे दुसरे पर्याय तपासून दाखवा आणि मगच मेट्रो मागा. खाजगी भागीदारी कुठंतरी घाला. स्टेशनच्या दोन्ही बाजूला पाच किलोमीटरपर्यंत फीडर बस, फूटपाथ, सायकल याचा आराखडा द्या. शहरातली सगळी वाहतूक बघणारं एकच प्राधिकरण करा. आणि नफा-तोटा फक्त तिकिटाचा मोजू नका, वाचलेला वेळ, इंधन, प्रदूषण धरून समाजाला १४ टक्के परतावा मिळतो का ते बघा.

वाचायला फार छान आहे, मी मनापासून सांगतो. पण लोकं मेट्रो मागतात, 'पर्यायांचा तौलनिक अभ्यास' कुणी मागत नाही, त्यामुळे उत्तर आधी ठरतं आणि अभ्यास नंतर होतो. संसदेच्या स्थायी समितीने २०२२ मध्ये म्हटलंच की दिल्ली आणि मुंबईची पहिली लाईन सोडली तर प्रवासी अंदाजाच्या खूप मागे आहेत. खांब दिसतात, फीडर बस दिसत नाही. आणि एकच प्राधिकरण, दात असलेलं, ते मला अजून मुंबईत दिसलेलं नाही.

मेट्रोचे पैसे कुठून येतात, आपल्याच खिशातून?

थोडे केंद्र, थोडे राज्य, बरंचसं परदेशी कर्ज, कफ परेड-आरेच्या मेट्रो ३ ला जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं. आणि हो, आपल्या खिशातून पण, एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरला घर घेताना मुद्रांक शुल्काशिवाय घराच्या किमतीवर १ टक्का मेट्रो सेस आहे. गेल्या वर्षी भाचीने फ्लॅट घेतला, मेट्रोच्या खांबापासून रिक्षाने वीस मिनिटं, सेस भरला तिने पण. लोकलसाठी असा पैसा कुणी बाजूला काढलाय का? कारण लोकल केंद्राची. परत तिथंच आलो बघा.

मेट्रो ३ झाली, मग आता लोकल रिकामी होणार का?

कफ परेड ते आरे ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ ला शेवटचा टप्पा कफ परेडपर्यंत. मी गेलोय, मस्त आहे, विधानभवन, गिरगाव, सिद्धिविनायक, बीकेसी, विमानतळ, जिथं लोकल कधी गेलीच नाही तिथं ती जाते. पण डोंबिवली, कल्याण, विरार, वसईच्या माणसाला तिचा उपयोग लोकलमधून उतरल्यावर. तो दादरपर्यंत लोकलनेच येणार. म्हणजे लांबून येणाऱ्या लोकलवरचं ओझं तसंच, उलट आतला प्रवास सोपा झाला म्हणून अजून लोक लांब राहायला जातील.

हे आधी झालंय. ८ जून २०१४ ला मेट्रो १, तीच वर्सोवा-घाटकोपर, सुरू झाली, अंधेरी-घाटकोपरचा तास-दीड तासाचा बसप्रवास वीस मिनिटांवर आला, अगदी सोन्यासारखी लाईन, पण संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावर काय व्हायला लागलं ते तिथल्या माणसाला विचारा. दोन वाहतुका जिथं भेटतात ती जागा कुणी मोजतच नाही, मेट्रोवाले म्हणतात आमच्या दारापर्यंत, रेल्वेवाले म्हणतात आमच्या जिन्यापासून.

आणि भाडं. कफ परेड ते आरे ७० रुपये. महिन्याच्या पासाच्या हिशोबात जगणारा माणूस रोजचे १४० देईल का, तर नाही. मेट्रो वाईट म्हणून नाही, जमत नाही म्हणून.

एकच तिकीट का नाही मग?

राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्ड मार्च २०१९ ला आलं, एक देश एक कार्ड म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई वन नावाचं अ‍ॅप आलं, त्यात बऱ्याच सेवांचं तिकीट एका ठिकाणी काढता येतं. चांगलं पाऊल आहे. पण एका अ‍ॅपमध्ये तीन तिकिटं काढणं वेगळं आणि एका भाड्यात प्रवास होणं वेगळं. लोकल, मेट्रो, बेस्ट यांची भाडी एकत्र करायची तर तोटा कोण किती उचलणार हे आधी ठरायला हवं, आणि ते ठरवायला तीन सरकारं एका टेबलाला बसली पाहिजेत.

नवी मुंबईची स्टेशनं इतकी प्रशस्त कशी?

हा प्रश्न लोक कमी विचारतात आणि मला सगळ्यात आवडतो. तिथं सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, रेल्वेला सांगितलं की लाईन बांधायचा ६७ टक्के खर्च आम्ही देतो, ३३ टक्के तुम्ही द्या. मानखुर्द-वाशी मे १९९२ मध्ये सुरू झाली ती अशी. सिडकोकडे पैसा कुठून, तर जमिनीतून. गाडी येणार म्हणून जमिनीला भाव, त्या भावातून गाडीचे पैसे, वर तिकिटावर थोडा अधिभार. स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसं बांधून भाड्याने दिली. वाशीला उतरून बघा, प्लॅटफॉर्मवर पाय पसरून चालता येतं, आणि तिथून डोंबिवलीच्या पुलावर या, म्हणजे फरक कळेल. उरणपर्यंत लोकल जायला जानेवारी २०२४ उजाडलं ते वेगळं, पण रेल्वे आली की जमिनीचा वाढलेला भाव बिल्डरकडेच न जाता थोडा रुळाकडे परत यावा, हे आपल्याकडे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी करून झालेलं आहे. मेट्रोलगत जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, देऊन आता तेच वेगळ्या नावाने चाललंय, फरक एवढाच की आधी टॉवर येतो आणि गाडी मागून.

पुण्याचं काय?

पुणेकर मित्र म्हणतो, आम्ही चर्चा पूर्ण केल्याशिवाय काही करत नाही. डिसेंबर २००६ मध्ये देशातली पहिली बीआरटी तिथं आली, कात्रज-स्वारगेट-हडपसर, ती धड चालवली नाही. मग मेट्रो वरून की खालून यावर वर्षं गेली. ६ मार्च २०२२ ला वनाज-गरवारे आणि पिंपरी-फुगेवाडी असे दोन तुकडे सुरू झाले, मधला भाग नंतर, आणि सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत. तुकडे जोडले गेले तशी गर्दी वाढली, अर्ध्या लाईनीवर कोण बसणार आधी.

पण हिंजवडीला जाणारी तिसरी लाईन या दोन लाईनी बांधणाऱ्या महामेट्रोची नाही, पीएमआरडीए या पुणे प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाची, खाजगी भागीदारीतली. तिच्यासाठी विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला, तो पूल काही फार जुना पण नव्हता. आधी गाड्यांसाठी बांधला, मग मेट्रोसाठी पाडला, मग दोघांसाठी परत बांधला. आणि पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून आहे, बिचारी कुणाच्या भाषणात येत नाही.

नागपूर, नाशिक?

नागपूरची मेट्रो मार्च २०१९ पासून, वर्धा रोडचा डबल डेकर पूल बघण्यासारखा. रस्ते रुंद आणि स्कूटर स्वस्त असली की मेट्रो भरायला वेळ लागतो. नाशिकला टायरवर धावणारी मेट्रो निओ २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये वाचली होती, २,०९२ कोटी. वाचलीच होती.

मोनोरेल बंद का पडली?

फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा सुरू झाली, २०१९ ला सात रस्त्यापर्यंत. जिथून कुणाला कुठं जायचं नव्हतं तिथून निघून तशाच ठिकाणी जायची. १९ ऑगस्ट २०२५ ला पावसात लोकल बंद पडल्या म्हणून लोक तिच्यात चढले, वजन झालं आणि ती अधांतरी थांबली, फायर ब्रिगेडने शिड्या लावून पाचशेच्या वर माणसं उतरवली. पुढच्या महिन्यात सेवा थांबवली, सुधारणेसाठी. अकरा वर्षं रिकामी धावली आणि पहिल्यांदा भरली तर अडकली.

तुमच्या हातात असतं तर पहिला रुपया कुठं लावला असता?

जिथं माणूस जास्त तिथं. लोकलने रोज सत्तर-ऐंशी लाख प्रवास होतात. पंधरा डबे, दिव्याचा पूल करून फाटक बंद, कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी, आणि प्रत्येक स्टेशनला रुंद पूल. यातलं काहीच नवीन नाही, सगळं मंजूर यादीत कुठं ना कुठं आहे. मेट्रो पण हवी, मी विरोधात नाही, फक्त मेट्रोच्या एका किलोमीटरला जेवढी घाई होते तेवढी लोकलच्या एका पुलाला व्हावी.

सकाळी डोंबिवलीहून बसायला जागा मिळते का?

डोंबिवली लोकल पकडा, ती इथूनच सुटते, पण ती सुटायच्या आधी वीस मिनिटं प्लॅटफॉर्मवर तुमची जागा ठरलेली पाहिजे आणि गाडी उभी राहायच्या आत चढता आलं पाहिजे, जे मी कुणाला शिकवणार नाही. नाहीतर लोक करतात तसं डाऊन जाऊन बसा, म्हणजे उलटं कल्याणला जायचं आणि त्याच गाडीत बसून परत यायचं. फोर्थ सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेची चौथी जागा, मिळाली तरी खूश व्हायचं. मात्र पास कल्याणचा काढा. महिन्याचे थोडेच जास्त पडतात, आणि टीसी नेमके कल्याणच्या प्लॅटफॉर्मवरच उभे असतात, त्यांना पण माहितीये आपण काय करतो ते.